बाबांच्या पत्रकाला उत्तर

बाबांच्या यकृतात गाठ आहे हे सांगून झाल्यावर डॉक्टरबाईंनी विचारलं, "तुम्ही कधी रक्तदान केलं होतं का?"

मला तो प्रश्न भलताच वाटला. पडद्यावर बाबांच्या पोटाचे करडे छेद अजून दिसत होते. आई पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळत होती. बाबा मात्र खुर्चीत सरसावून बसले.

"एकदा केलं होतं. जयंतीले. मंग त्याईनंच आमचं रक्त घेणं बंद केलं."

"कोणी बंद केलं?"

"रक्तपेढीनं. कारण नाही सांगतलं. पण ते कारण आमाले सांगा लागत नाही, मॅडम."

डॉक्टरबाईंनी रिपोर्टातलं एक पान काढून आमच्यासमोर ठेवलं. हिपॅटायटिस बी, आणि त्यापुढे पॉझिटिव्ह. "कारण बहुतेक हे होतं," त्या म्हणाल्या. "दान केलेल्या प्रत्येक पिशवीची तपासणी होते. असं काही निघालं की दात्याला बोलावून घेतात. तुम्हाला बोलावलं नव्हतं?"

"बोलावलं होतं."

"मग?"

आईनं माझ्याकडे पाहिलं. उत्तर आम्हा तिघांनाही माहीत होतं. बाबा गेले नव्हते, आणि आपण का गेलो नाही हे त्यांनी पत्रक छापून खापरखेड्याच्या दारोदार वाटलं होतं.

मी पत्रकांच्या घरात वाढले. बाबा तिथल्या वीज केंद्रात कंत्राटी फिटर. कामावरून आले की अंगावरची कोळशाची भुकटी धुवायचे, चहा घ्यायचे आणि लिहायला बसायचे. नळाच्या पाण्यापासून बुवाबाजीपर्यंत, वस्तीतला एकही विषय त्यांच्या पत्रकातून सुटला नव्हता. मी वाचायला शिकले तीच त्यांच्या मथळ्यांवरून, त्यामुळे शाळेत गेल्यावर प्रत्येक वाक्यापुढे उद्गारचिन्ह नसतं याचं मला नवल वाटलं. ऑक्टोबरात दीक्षाभूमीवर माणसांचा समुद्र लोटायचा, तेव्हा आम्ही रस्त्याकडेला सतरंजी अंथरून बसायचो आणि येणाऱ्याच्या हातात पत्रक द्यायचो. पैसे घ्यायचे नाहीत, नमस्कारही घ्यायचा नाही. "वाच आणि भांड," बाबा म्हणायचे.

त्यांची कामाची एक पद्धत होती आणि ती त्यांनी कधी मोडली नाही. लिहिलेलं पत्रक आधी रविवारी विहारात वंदनेनंतर मोठ्यानं वाचायचं. कोणाची हरकत असेल तर त्यानं उठून उभं राहायचं आणि कारण द्यायचं. हरकतीचं निवारण झाल्याशिवाय मजकूर छापखान्यात जात नसे. मात्र एकदा छापलं की परत घ्यायचं नाही. चुकलं असेल तर नवं पत्रक काढून उत्तर द्यायचं. पत्रकाला उत्तर पत्रकानं, हा घरचा कायदा.

रक्तपेढीचा तो फोन आला तेव्हा मी शाळकरी होते, उन्हाळ्याच्या सुट्या होत्या. त्या वर्षीच्या जयंतीला वस्तीच्या सभागृहात पहिलंच रक्तदान शिबिर झालं होतं. बाबांनी रक्त दिलं. त्यांच्या शेजारच्या खाटेवर त्यांचा मित्र होता. एकाच ठेकेदाराकडचा, एकाच पाळीचा. मी त्याला काका म्हणते. फोनवरच्या माणसानं आधी बाबांचं पूर्ण नाव विचारलं, मग आडनाव पुन्हा विचारलं. मग म्हणाला, तुमचं रक्त वापरता येणार नाही, येऊन भेटा. बाबांनी कारण विचारलं. फोनवर सांगता येत नाही, तो म्हणाला. बाबा चिडले, त्यानं फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी काकांना तसाच फोन. त्याच शिबिरात आमच्या क्वार्टरांतल्या इतर समाजाच्या लोकांनीही रक्त दिलं होतं. त्यांच्याकडे आभाराची कार्डं आली.

आज मला माहीत आहे की असलं निदान फोनवर सांगू नये असा नियम आहे, आणि तो रुग्णाच्या भल्यासाठी आहे. पण बाबांच्या लहानपणी गावातल्या हॉटेलात त्यांच्यासाठी वेगळा कप होता, बाहेर खिळ्याला टांगलेला. त्याचंही कारण कोणी कधी सांगितलं नव्हतं. न सांगितलेलं कारण ओळखणं हे त्यांचं शिक्षण होतं. बावीस प्रतिज्ञा पाठ असलेल्या, ताईत-गंडे विकणाऱ्याला वस्तीबाहेर काढणाऱ्या, मुलांना लस टोचून घ्या म्हणून दारं ठोठावणाऱ्या माणसानं ही एवढी चूक केली. दुसऱ्या कोणी केली नसती. दुसरा कोणी कटकट करत का होईना, रक्तपेढीत गेला असता.

'आमचे रक्त तुम्हाला का नको?' असं त्या पत्रकाचं नाव होतं. फार चांगलं लिहिलं होतं. मी आज लिहिते, त्यामुळे सांगू शकते. विहारात बाबांनी ते वाचलं तेव्हा बायका रडल्या. हरकत आहे का, असं विचारल्यावर काका उठून उभे राहिले आणि म्हणाले, "एक शब्द बदलायचा नाही. त्या रक्तपेढीची पायरी मी बी चढणार नाही." पुढच्या वर्षीपासून वस्तीतलं शिबिर बंद झालं. रक्तपेढीनं त्यानंतर फोन केला नाही, माणूस पाठवला नाही, चौकशी केली नाही. आम्ही ते आमचा विजय समजलो.

डॉक्टरबाईंनी मला नंतर बाजूला घेऊन सगळं समजावलं. हा विषाणू रक्तातून शिरतो. नीट न उकळलेल्या सुईतून, दुसऱ्यावर वापरलेल्या वस्तऱ्यातून, नवरा-बायकोच्या संबंधातून, बाळंतपणात आईकडून बाळाला. बाबांना कधी आणि कुठून लागला ते आता कोणीच सांगू शकत नव्हतं. तो यकृतात मुक्काम करतो आणि वर्षानुवर्षं काही जाणवू देत नाही. यकृत जखमी होतं, भरून येतं, पुन्हा जखमी होतं. त्या सततच्या दुरुस्तीत पेशींच्या नकला चुकत जातात. वर हा विषाणू स्वतःच्या मजकुराचा तुकडा पेशीच्या मजकुरात घुसवतो. एखादी पेशी मग थांबायचं विसरते. तिची गाठ होते.

"वेळेत कळलं असतं तर रोजची एक गोळी असते," त्या म्हणाल्या. "विषाणू जात नाही, पण वाढायचा थांबतो. गाठीचा धोका पुष्कळ कमी होतो. सरकारी दवाखान्यात फुकट मिळते."

"आता?"

"आता गाठ यकृताच्या मोठ्या रक्तवाहिनीत शिरली आहे."

ऑपरेशन होणार नव्हतं. गोळी आता सुरू करायची होती, पण गाठीसाठी तिचा उपयोग नव्हता. आईची आणि माझी तपासणी झाली. आईच्या शरीरानं कधीतरी तो विषाणू स्वतःच परतवून लावला होता. मला तो लागलाच नव्हता. मला लस टोचली. सुई दंडातून बाहेर आली, नर्सबाई म्हणाली झालं, आणि मी तिथंच बाकावर बसून हुंदके देऊन रडले. इतकं सोपं होतं. इतकं सोपं असतं हे मला सहन झालं नाही.

आणि तेव्हाच मला काका आठवले. फोन दोघांना आला होता.

मी तशीच त्यांच्या घरी गेले. ते अंगणात बसून नातीची वेणी घालत होते. सून कामाला जाते, तेव्हा नातीचं सगळं तेच करतात. तिला भरवतातही स्वतःच्याच थाळीतून. मी सांगत गेले, ते रबर बोटात धरून ऐकत राहिले.

"तुह्या बापानं जिंदगीभर कोळसा खाल्ला," ते म्हणाले. "त्यानं झालं त्याले."

"काका, कोळशानं हिपॅटायटिस होत नाही."

"मंग मले काहून काही होऊन नाही राहिलं? रोज सायकल चालवतो. तुह्यापेक्षा जास्त भाकरी खातो."

"बाबाही खात होते. गेल्या दिवाळीपर्यंत."

"पाय पोरी." त्यांनी वेणीला रबर लावलं आणि नातीला आत पिटाळलं. "त्या रक्तपेढीची पायरी मी चढणार नाही, असं मी विहारात उभं राहून बोललो हाये. तुह्या बापाच्या शब्दावर बोललो. त्यानं सांगू दे. तो म्हणन तं जाईन."

"रक्तपेढीत नका जाऊ. दुसरीकडे चला."

"त्यानं सांगू दे."

मी घरी आले आणि त्या दिवसापासून माझं बाबांशी भांडण सुरू झालं. मरणाऱ्या माणसाशी कोणी भांडत नाही. मी भांडले. त्यांच्या पोटात पाणी भरत होतं, पाय सुजत होते, अंगाला खाज सुटून ते नखांनी कातडी ओरबाडत होते, आणि मी उशाशी बसून म्हणत होते, काकांना सांगा, तुम्ही चुकलात ते सांगा.

"ते पत्रक खोटं नव्हतं," ते म्हणायचे.

"कारण खोटं होतं, बाबा."

"कारण त्याईनं सांगतलंच नाही, मंग ते खोटं कसं? नीट बोलला असता तो माणूस. दोनदा आडनाव काहून विचारलं त्यानं?"

"नोंद नीट करायला विचारलं असेल."

"तू कोणाची वकील झाली वं?"

एकदा आई भांडी टाकून उठून आली. "तुमच्या आडनावाची चूल पेटवा आता," ती ओरडली. "तुमी तं चालले. त्याच्या सुनेनं काय करावं? त्या लेकरानं काय करावं? पत्रकं काढत बसावं?" माझ्या आठवणीत आई बाबांवर ओरडली ती तेवढीच वेळ. बाबांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. मग म्हणाले, "कागद आण."

आम्ही ते उत्तर दोघांनी मिळून लिहिलं. ते सांगत, मी उतरवून घेत होते. शब्दाशब्दावर वाद झाले. 'माझी चूक झाली' असं म्हणायला ते तयार नव्हते. 'मला पुरती माहिती नव्हती' इथवर आले. अपमान झाला होता हे वाक्य काढू द्यायला तयार नव्हते, आणि मीही अखेर तो हट्ट सोडला, कारण ते खरं होतं. फोन करून कारण न सांगणं हा नियम असेल. पण माणूस आला नाही तर पुन्हा बोलावणं, घरी येणं, समजावणं हाही नियम असायला हवा होता. कोळशाच्या धुरात राहणाऱ्या, शब्दावर जगणाऱ्या माणसांना एक फोन पुरे झाला असं कोणी ठरवलं?

शेवटचं वाक्य मात्र त्यांनी एका दमात सांगितलं. 'ज्यांना ज्यांना असा फोन आला असेल, त्यांनी आजच तपासणी करून घ्यावी, आणि त्यात पहिला माझा मित्र असावा.'

"घरीच बोलावते काकांना," मी म्हटलं. "इथंच वाचून दाखवा."

"पत्रक विहारात वाचलं होतं," बाबा म्हणाले. "उत्तर पलंगावर पडून वाचत नसतात."

रविवारची वाट पाहायला नको होती. मला तेव्हा ते कळायला हवं होतं, पण आम्ही सगळेच त्या कायद्यात वाढलेले. शनिवारी बाबा आईला तिच्या बहिणीच्या नावानं हाक मारू लागले. चहाचा कप उलटा धरला. यकृत थकलं की रक्तातलं विष मेंदूपर्यंत पोचतं आणि माणूस बरळतो, हे डॉक्टरबाईंनी सांगून ठेवलं होतं, औषधही दिलं होतं. आम्ही औषध दिलं. रविवारी सकाळी ते बरे वाटले. स्वतःहून पांढरा सदरा मागितला.

ऑटोतून नेलं. विहारात सगळी वस्ती होती. वंदना झाली. मी त्यांच्या हातात कागद दिला आणि बाजूला आधाराला उभी राहिले. काका पहिल्या रांगेत मांडी घालून बसले होते, सदऱ्याची बटणं गळ्यापर्यंत लावून.

बाबांनी कागदाकडे पाहिलं. मग कागद खाली गेला आणि त्यांचा आवाज वर आला. तो जुना आवाज. मी तो किती तरी महिन्यांत ऐकला नव्हता.

"आमचे रक्त तुम्हाला का नको?"

मला वाटलं मथळ्यापासून सुरुवात करून ते उत्तराकडे येतील. ते आले नाहीत. ते जुनं पत्रक म्हणत गेले, पहिल्या ओळीपासून, तोंडपाठ. मी हळूच म्हटलं, बाबा, कागद. त्यांनी माझा हात झटकला. डोळे समोरच्या भिंतीवर होते आणि त्या डोळ्यांत आमच्यापैकी कोणी नव्हतं. एकही शब्द अडला नाही. आईनं तोंडावर पदर दाबला. पत्रक संपलं, तेव्हा त्यांनी सवयीनं विचारलं, "कोणाची हरकत?"

काका उठले. त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं. "कोणाचीच नाही गा," ते म्हणाले, आणि माझ्याकडे वळले. "पाहिलं? मरताना बी तो तेच म्हणते."

मी सगळ्यांसमोर किंचाळले की ते शुद्धीत नाहीत, की त्यांच्या हातातला कागद वाचा. काकांनी कागद घेतला नाही. दोघा-तिघांनी बाबांना धरून बाहेर नेलं. त्या रात्रीनंतर ते कोणाशी नीट बोलले नाहीत. पुढच्या आठवड्यात गेले.

त्यानंतरच्या दिवसांचं मला फारसं आठवत नाही. माणसं येत होती, बसत होती, बाबांच्या पत्रकांबद्दल बोलत होती. एक जण म्हणाला, आपण त्यांची सगळी पत्रकं एकत्र छापू. मी विचारलं, तेही? तो म्हणाला, तेच तर सगळ्यात आधी. काका रोज यायचे, दारात चपला काढून कोपऱ्यात बसायचे आणि उठून जायचे. मी त्यांच्या डोळ्यांचा पांढरा भाग बघत राहायची. पिवळा दिसतो का, की उजेडामुळे तसं वाटतंय. त्यांनी पाणी मागितलं तरी मला वाटायचं, पोट तर फुगलं नाही ना. जिवंत माणसाकडे असं बघणं फार वाईट असतं.

पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे बाबांच्या श्रद्धांजलीच्या दिवशी मी विहारात उभी राहिले. माझं स्वतःचं पत्रक होतं. बाबांच्या शेवटच्या कागदातले सगळे मुद्दे त्यात होते आणि माझी माहिती होती. हा विषाणू काय करतो, लस काय करते, गोळी काय करते. बाळाला जन्मताच लस टोचायची हे होतं. मुलींना गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरपासून वाचवणारी एक दुसरी लस आहे, कारण तिथंही मुळाशी विषाणूच असतो, हेही घातलं होतं. मी वाचलं. मग विचारलं, "कोणाची हरकत?"

"माही," काका म्हणाले आणि उभे राहिले.

कोणी तरी मागून म्हणालं, "आजच्या दिवशी तरी राहू द्या."

"आजच्याच दिवशी. तो गेला अन् पोरगी त्याले खोटं पाडून राहिली."

"मी खोटं पाडत नाही, काका. उत्तर देते. हरकतीचं कारण द्या."

"देतो." पण ते बोलले ते पत्रकाबद्दल नव्हतंच. "हे छापलं अन् उद्या मले ते निघालं, तं माही थाळी वेगळी करतीन. सून करन. ती नाही केली तं तिच्या माहेरचे करतीन. माह्या घरात, माह्या नातीच्या समोर. मले ते पाहाचं नाही. त्यापेक्षा तुह्या बापाचं पत्रक बरं."

इतके दिवस मी त्यांना हट्टी समजत होते, अडाणी समजत होते, आणि मनातून तर काय काय म्हणत होते. ते नुसते घाबरलेले होते. आणि ती भीती त्यांनी विहाराबाहेरच्या जगातून आणली होती, विषाणूकडून नव्हे.

"थाळीनं लागत नाही," मी म्हटलं. "पेल्यानं लागत नाही. शिवल्यानं लागत नाही. हे मी पत्रकात पहिल्याच परिच्छेदात लिहिलंय."

"लिहिलं तं आहे. मानन कोण?"

मी नुसती म्हणाले, "काका, मी पाया पडते."

आमच्यात कोणी कोणाच्या पाया पडत नाही. बाबांनी त्यावरही पत्रक काढलं होतं. काका दचकले, मागे सरले, आणि मग एकाएकी संतापले. "ठीक हाये. जातो मी. पण शर्त आयक. मले काही निघालं नाही, तं तुहं हे छापायचं नाही. अन् तुह्या बापाचं पत्रक तू सोता पुन्हा छापायचं, तुह्या पैशानं. कबूल?"

"कबूल."

"सगळे आयकून राहिले ना गा?"

सगळे ऐकत होते.

सरकारी दवाखान्याकडे जाताना बसमध्ये मी त्यांना सांगून ठेवलं, पट्टीवर दोन रेघा आल्या की विषाणू आहे. मग मी खिडकीतून बाहेर बघत होते आणि मनात म्हणत होते, काका जिंकू देत. मी हरू दे. ते पत्रक मी हजारांनी छापीन, त्यातलं कारण खोटं आहे हे माहीत असून छापीन, दीक्षाभूमीवर उभी राहून वाटीन. माझ्या आयुष्यात मी तत्त्व सोडून काही मागितलं असेल तर ते त्या बसमध्ये.

बोटाला टोचलं. छोट्या पट्टीवर थेंब सोडला. आम्ही दोघं पट्टीकडे बघत होतो. आधी एक रेघ आली. मग दुसरी आली, पुसट, आणि बघता बघता ठळक झाली.

"म्हणजे?" काकांनी विचारलं. त्यांना माहीत होतं. मी त्यांना येताना सांगितलं होतं.

पक्कं करायला आणखी रक्त घेतलं. सोनोग्राफी झाली. पुढच्या भेटीला तिथल्या डॉक्टरांनी सगळं समोर ठेवलं. विषाणू भरपूर होता. यकृत खडबडीत झालं होतं, प्लीहा वाढली होती. गाठ आज दिसत नव्हती.

"आज," काका म्हणाले.

"आज," डॉक्टर म्हणाले. "रोज गोळी घ्यायची. एकही चुकवायची नाही. दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी. धोका राहणारच, कारण यकृताला इजा होऊन गेली आहे. पण पुष्कळ कमी होईल."

"तवाच आलो असतो तं?"

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली.

"तेव्हा आला असता तर बहुतेक यकृत इतकं बिघडलं नसतं."

"अन् माह्या दोस्ताचं?"

"त्यांचे कागद मी पाहिलेले नाहीत."

काकांनी औषधाच्या खिडकीवरून डबी घेतली आणि तिथंच पहिली गोळी पाण्याशिवाय गिळली. बाहेर व्हरांड्यात येऊन ते भिंतीला टेकले. मला वाटलं आता पत्रकाबद्दल बोलतील. ते म्हणाले, "घरी तू सांग. माह्यानं नाही होणार."

त्या संध्याकाळी मी त्यांच्यासोबत गेले. मुलाची आणि सुनेची तपासणी करायची होती, निघालं नाही तर लस द्यायची होती, वस्तरा वेगळा ठेवायचा, जखम झाली तर झाकायची, आणि बाकी काही बदलायचं नाही. बसमध्ये मी हे सगळं मनात मांडून ठेवलं होतं. फाटकाशी पोचलो तर नात धावत आली. "आबा!" म्हणून तिनं त्यांच्या पायांना मिठी मारली.

काकांनी दोन्ही हात पाठीमागे नेले आणि एकमेकांत घट्ट धरले.

"घ्या ना तिला," मी म्हटलं. "काही होत नाही, काका. ती जन्मली तेव्हाच तिला लस टोचली आहे. या घरात सगळ्यात सुरक्षित तीच आहे."

"हो," ते म्हणाले.

सून दारात येऊन उभी राहिली होती, आमच्याकडे बघत, ओले हात पदराला पुसत. नात वर बघून हात पसरत होती, उड्या मारत होती. मी पुन्हा म्हटलं, घ्या. काका हो म्हणाले. हात मागेच राहिले.